रामहरीचे दोन ठसे

सोलापुरात आरटीओच्या फाटकाशी उभं राहून नुसतं "प्रिंटवाले कुठं बसतात?" असं विचारलं, तरी टपरीवाला चुना मळता मळता लिंबाच्या झाडाकडं बोट करायचा. त्या झाडाखाली पोत्यावर रामहरी बसायचा. बसायचा म्हणतोय, कारण आता बसत नाही. त्याला तिथून कुणी उठवलं नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक उगीच सरकारला शिव्या घालतील.

त्याचं काम ऐकाल तर हसाल. प्रत्येक गाडीच्या लोखंडात कारखान्याने एक नंबर ठोकलेला असतो, चेसिस नंबर. गाडीचे कागद करायचे तर त्या नंबरचा ठसा फायलीला चिकटवावा लागतो. नंबर रॉकेलने पुसायचा, त्यावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची, की अंक कागदावर उमटतात. शाळेत आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो, तेच. पोरखेळ वाटतो ना? मग मे महिन्यात तापलेल्या ट्रकखाली आडवं होऊन, डोळ्यात ग्रीसचे थेंब झेलत एक ठसा घेऊन दाखवा, मग बोलू.

बाकीचे ठसेवाले अंकावरून चार फराटे ओढायचे आणि मोकळे व्हायचे. रामहरीचं तसं नव्हतं. तो कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दाबून घासायचा. अंक तर यायचेच, पण आजूबाजूचं सगळं लोखंड यायचं, गंजाचे खड्डे, कानशीचे ओरखडे, हातोडीचा चुकलेला घाव. "आकडं काय, कुणीबी ठोकतंय," तो म्हणायचा. "आकड्याच्या भवतालचं लोखंड बघावं. त्याला खोटं बोलता येत न्हाय." त्याच्या अशा ठशांमुळे चोरीच्या दोन गाड्या पकडल्या गेल्या होत्या. साहेब आले आणि बदलून गेले, पण जाणारा प्रत्येक साहेब येणाऱ्याला सांगून जायचा की रामहरीचा ठसा असला तर दुसऱ्यांदा बघायची गरज नाही. त्याखाली सही लागत नसे. कोणाचा ठसा आहे ते बघताक्षणी कळायचं. ह्या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, आणि का नसावा? दुसरं काय होतं त्याच्याजवळ?

मूळचा तो बार्शीकडचा. गिरणीत लागला म्हणून सोलापूरला आला, लग्न केलं, आणि गिरणी बंद पडली. दीड वर्ष घरी बसून काढलं. बायको, सोनाबाई, दुसऱ्यांच्या घरी भाकरी थापायला जायची आणि हा दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. शेजारच्या खोलीत कल्लप्पा राहायचा. कुंभारीचा, घरात कानडी, बाहेर मराठी, अक्कलकोट रोडला मोटारसायकलींचं छोटं गॅरेज. एक दिवस हा कल्लप्पा आत आला, रामहरीचा दंड धरून त्याला उठवला, सायकलवर डबल सीट घेऊन आरटीओत आणला आणि लिंबाखाली बसवला. पेन्सिल दिली, कागदांचा गठ्ठा दिला, आणि एका लुनाचा पहिला ठसा स्वतः त्याचा हात धरून काढून घेतला. "हितं बस," म्हणाला. "उपाशी न्हाय मरणार." त्याला एकतीस वर्षं झाली. रामहरी खरंच उपाशी मेला नाही. दोन मुलींची लग्नं ह्या झाडाखाली बसून केली त्यानं.

कल्लप्पाची गोष्ट मात्र उलटी झाली. कधी काळी त्याच्या दारात गाड्यांची रांग असायची. नुसता आवाज ऐकून तो सांगायचा की वाल्व सैल आहे का पिस्टन झिजलाय. मग नव्या गाड्या आल्या, त्या कंपनीच्या सर्व्हिसिंगला जायला लागल्या. आता तर विजेवरच्या स्कूटर आल्यात, त्यांना आवाजच नाही, कल्लप्पा ऐकणार काय? गॅरेजचं शटर उघडायचं आणि बाकड्यावर बसायचं, एवढंच काम राहिलं होतं.

अशात अमरेश आला. पेठेतल्या कापडवाल्यांचा मुलगा, नऊ वर्षं इंग्लंडात नोकरी करून परतलेला. येताना त्यानं चार लाकडी पेट्यांत घालून एक मोटारसायकल आणली होती. एकोणीसशे चोपन्न सालची, तिथल्या कुणा शेतकऱ्याच्या कोठीत चाळीस वर्षं पडून गंजलेली. कस्टमचा कागद पक्का होता, त्यावर इंजिनाचा नंबर, फ्रेमचा नंबर, सगळं. पण गाडी म्हणजे गंजाचं गाठोडं. पुण्यातल्या दोघा मेकॅनिकांनी नाही म्हटलं होतं. कल्लप्पानं पेट्या उघडल्या, एकेक तुकडा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "ठिवा हितं. वेळ लागंल."

सहा वर्षं लागली. मिळेना तो भाग त्यानं लेथवर बनवून घेतला, बनेना तो जुन्या बाजारात शोधला. टाकीवरची सोनेरी रेघ श्वास रोखून स्वतः ओढली. गाडी अशी उभी राहिली की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचाच. चालू केली की गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा बाहेर येऊन ऐकत बसायची. पण गल्लीच्या तोंडापर्यंतच. पुढं नेता येईना, कारण नंबर नव्हता.

आता पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना सरकार वेगळा नंबर देतं. त्याला अर्ज, विमा, कस्टमचा कागद, फोटो, आणि गाडी मुळातली आहे, फ्रेम आणि इंजिन बदललेलं नाही, असं मालकाचं लेखी. ते सगळं अमरेशनं भरलं. कल्लप्पाला तो मामा म्हणायचा. "नंबर पडू द्या मामा," त्यानं सांगितलं होतं, "पुण्याचे तिघं जण आपापल्या गाड्या घेऊन तयार बसलेत. म्हणतात, पहिली पास झाली की आमच्या तुमच्याकडंच." म्हणजे बघा, ह्या एका नंबरावर कल्लप्पाचं म्हातारपण टांगलेलं होतं. नंबर पडला तर पुढची दहा वर्षं त्याच्या हाताला त्याच्या जोगतं काम होतं. नाही पडला तर बाकडं होतंच.

राहिला होता तो फ्रेमवरच्या चेसिस नंबरचा ठसा. तो दुसरं कोण घेणार?

शनिवारी दुपारी रामहरी गॅरेजात गेला. कल्लप्पा स्टोव्हवर चहा ठेवत होता. हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर डाव्या बाजूला नंबर होता. रामहरीनं नेहमीसारखं रॉकेल लावलं, पुसलं, कागद धरला आणि कडेपासून पेन्सिल चालवायला घेतली.

अंक आले. आणि अंकांच्या भोवती एक रेघ आली. केसाएवढी बारीक, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, चौकोनी. डोळ्यानं रंगावर काही दिसत नव्हतं. बोट फिरवून बघितलं, बोटालाही लागत नव्हतं. पण कागदावर स्पष्ट होती. एवढ्या वर्षांत अशी रेघ त्यानं दोनदा बघितली होती, आणि दोन्ही वेळा गाडी चोरीची निघाली होती. नंबरचा तुकडा कापून दुसऱ्या लोखंडात बसवला, वेल्डिंग केलं आणि घासून सपाट केलं की अशी रेघ राहते.

त्यानं मान वळवून बघितलं. कल्लप्पा पाठमोरा, आलं ठेचत होता.

आता इथं तुम्ही आम्ही काय केलं असतं? विचारलं असतं, "का रे बाबा, हे काय?" पण रामहरी विचारू शकला नाही. त्याला वाटलं, कल्लप्पानं काहीतरी केलंय आणि ते झाकलंय. ज्यानं आपल्याला भिंतीसमोरून उठवून माणसांत आणलं, त्याला "तू हे काय केलंस" असं कुठल्या तोंडानं विचारायचं? विचारलं की त्याची मान खाली जाणार, आणि ती आपल्यामुळं जाणार. त्यापेक्षा आपल्याला दिसलंच नाही असं करावं. आपल्याकडं असंच चालतं. जवळच्या माणसाचं उघडं पडलेलं दिसलं तर आपण तोंड फिरवतो, आणि त्याला माया म्हणतो.

त्यानं तो कागद चुरगळून खिशात घातला. दुसरा घेतला. फक्त अंकावरून, हलक्या हातानं, चार फराटे. बाकीचे घ्यायचे तसा. अंक उमटले, रेघ आली नाही.

"झालं का?" कल्लप्पानं कप पुढं करत विचारलं.

"झालं की."

"आला का चांगला?"

"आला," रामहरी म्हणाला आणि चहा पिऊन लगेच उठला. रात्री त्यानं अर्धीच भाकरी खाल्ली. सोनाबाई म्हणाली, "तुमचं काय बिनसलंय का?" त्यानं ऊन लागलं म्हणून सांगितलं. एकतीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच खोटा ठसा घेतला होता, आणि त्याला स्वतःची किळस येत होती. पण कल्लप्पासाठी एवढं तरी करायलाच पाहिजे, असंही वाटत होतं.

सोमवारी अकरा वाजता गाडी आरटीओच्या मैदानात आली. चालवत आणता येत नव्हती म्हणून टेम्पोत घालून आणली. कल्लप्पानं पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता, कपाळाला ताजं भस्म होतं. एजंट, शिपाई, लायसनला आलेली पोरं, सगळे भोवती जमले. तपासायला अंकिता मॅडम होत्या. वय कमी, पण काम चोख, उगाच कुणाला अडवायची सवय नाही. त्यांनी इंजिनाचा नंबर कस्टमच्या कागदाशी लावून बघितला, जुळला. फ्रेमचा लावला, जुळला. अमरेशच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग मॅडमनी फाईल उघडली आणि ठशावर थांबल्या.

"हा कुणी घेतलाय?"

"रामहरीकाकांनी," अमरेश अगदी कौतुकानं म्हणाला.

मॅडमनी ठसा उन्हात धरला. मग लिंबाकडं बघितलं. "काका, इकडं या जरा. हा तुमचा आहे?"

"व्हय, माझाच."

"तुम्ही असा घेत नाही. मी इथं रुजू झाले तेव्हा साहेबांनी मला तुमचे ठसे समोर ठेवून शिकवलंय. कडेपर्यंत असतो तुमचा. हा असा का?"

रामहरीनं बोटं चोळली. "बोट दुकत हुतं," तो म्हणाला.

"आता बरं आहे का बोट?" मॅडमनी साधंच विचारलं. "मग माझ्यासमोर एक घ्या."

रामहरी गाडीजवळ गुडघ्यावर बसला. कागद धरला. काढला, पुन्हा धरला. पुन्हा हलक्या हातानं घेता आला असता, पण मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. टाळायला अजून एखादं कारण सापडतंय का, असा तो विचार करत होता, तेवढ्यात मागून कल्लप्पाचा आवाज आला. "दाबून घे की रं, तुज्या सवयीनं. घाबरायलास कशाला?"

रामहरीनं वर बघितलं. कल्लप्पाच्या तोंडावर भीती नव्हती. लपवणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं, हे त्याला कळायला पाहिजे होतं, एवढ्या वर्षांत एवढी तोंडं बघितलेल्या माणसाला. पण डोकंच चालेना. मग हात आपसूक चालला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, दाबून. रेघ आली.

मॅडमनी कागद हातात घेऊन रेघेवरून बोट फिरवलं. "हा तुकडा बाहेरून बसवलाय," त्या म्हणाल्या. "कुणी बसवला?"

"मीच बसिवलाय की," कल्लप्पा म्हणाला. जसं काही सायलेन्सर बसवल्याबद्दल विचारलंय.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. कल्लप्पाला वाटलं, कळलं नाही वाटतं, म्हणून तो नीट सांगायला लागला. जुनी फ्रेम आतून गंजानं खाल्लेली होती, मानेला चीर होती. त्या फ्रेमवर कोणी चाळीसच्या वेगानं गेला असता तर मान तुटून मेला असता. म्हणून त्यानं तसल्याच नळीची, मिलिमीटरला मिलिमीटर, नवी फ्रेम केली. "पर नंबरचा तुकडा तेवडा जुनाच ठिवला मी. घर पाडून नवं बांदलं तरी उंबरा जुनाच बसवतोय की आमी. तेच घर हाय म्हणायला. तसंच ह्ये." एवढं सांगून तो अमरेशकडं बघून हसला. चार महिने त्या तुकड्यावर घालवले होते त्यानं. शाबासकीची वाट बघत होता.

अमरेशचा चेहरा पांढरा पडला होता. फ्रेम मूळचीच आहे असं लेखी त्यानं दिलं होतं, सही त्याची होती. "मामा, मला का सांगितलं नाही?" तो हळू म्हणाला.

"तू कुटं इचारलंस? गाडी चालंल का म्हणालास, चालती म्हणालो."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दोघांना बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं. फ्रेम बदलली असं अर्जात लिहिलं असतं तर अर्ज नामंजूर झाला असता, बस. गाडी घरी गेली असती, दिवाणखान्यात उभी राहिली असती. लिहायचं राहिलं, तरी ते अजाणता झालं असं त्यांनीही लिहिलं असतं. "पण हा पहिला ठसा," त्यांनी फाईल पुढं केली, "हा रेघ चुकवून घेतलाय. म्हणजे कुणाला तरी आधी माहीत होतं आणि त्यानं लपवलं. आता हे चुकीनं झालं असं मला लिहिता येत नाही. पोलिसांना कळवावं लागेल. गाडी इथंच राहील."

मग दोन्ही ठसे एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवले गेले. दोन्हींखाली रामहरीची सही घेतली. त्याला सही करायची सवय नव्हती, एक अक्षर खाऊन टाकलं, तर पुन्हा करायला लावली. गाडीला निळ्या ताडपत्रीचा तुकडा टाकून कंपाउंडच्या भिंतीशी लावली. टेम्पो रिकामा परत गेला. अमरेश फोनवर वकिलाशी बोलत निघून गेला, कल्लप्पाकडं न बघता.

त्याच्या पुढचं काय सांगायचं? कल्लप्पाला ठाण्यात तीनदा जबाबाला बोलावलं. पहिल्यांदा त्यानं उंबऱ्याचं सगळं सांगितलं, हवालदार हसले. दुसऱ्यांदा त्यानं ते सांगितलं नाही. अमरेशच्या वकिलानं लिहून दिलं की सगळी जबाबदारी कारागिराची आहे, मालकाला कल्पना नव्हती. ते खरंच होतं, त्यामुळं राग तरी कुणावर धरायचा? पुण्याच्या तिघांनी फोन उचलणं बंद केलं. आणि सोलापुरात बोलायला कुणाची जीभ झिजते? अक्कलकोट रोडचा तो म्हातारा चोरीच्या गाड्यांचे नंबर बदलतो, असं बोललं जायला लागलं. ज्यानं आयुष्यात गिऱ्हाईकाचा एक नटसुद्धा लाटला नव्हता.

रामहरी पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही. सोळाव्या दिवशी सोनाबाईनं त्याला ढकलूनच बाहेर काढलं. "जावा आणि बोलून या," म्हणाली. "असं बसलाव तर मराल."

कल्लप्पा बाकड्यावर बसला होता. गॅरेज झाडून काढलेलं, हत्यारं पेटीत भरलेली. रामहरी शेजारी बसला.

"शनिवारीच दिसली हुती मला ती रेघ," रामहरी म्हणाला.

कल्लप्पानं मान वळवली. "शनिवारी? चहा घेतलास त्या दिशी?"

"व्हय. पयला ठसा दाबूनच घेतलेला. रेघ बगितली आन् चुरगळून टाकला. मग तो हलका घेतला."

"मला वाटलं, खरंच बोट दुकत हुतं तुजं. मला बोलला न्हाईस ते."

"कसं बोलू? तू झाकलंयस असं वाटलं. इचारलं असतं तर तुला खाली बगायला लागलं असतं. तुजी लाज ऱ्हावी म्हणून गप बसलो, कल्लप्पा. आईशप्पत, तुज्यासाटीच."

रामहरी रडत होता. कल्लप्पा कानडीत काहीतरी पुटपुटला, "इरली बिडो," म्हणजे असू दे, सोड. सवयीनं आलं असेल तोंडात. मग ते शब्द त्याचे त्यालाच पटले नसावेत, कारण तो थोडा बाजूला सरकून बसला.

"म्हंजे तू नंतर न्हाय, त्या शनिवारीच ठरिवलंस," तो सावकाश म्हणाला. "पोलिसाच्या आदी. मॅडमच्याबी आदी. एकतीस वर्सांत पयल्यांदा मला चोर कुणी म्हटलं असंल, तर ते तू, रामहरी."